आकडा

जालन्याच्या एमआयडीसीत, फेज दोनला,
रोलिंग मिलच्या भिंतीला लागून आमची शेड.
मिलमध्ये तापली सळई ओढली जाते तेव्हा
माझ्या टेबलावरचा माउस एकटाच थरथरतो.
वर पत्र्याच्या केबिनमध्ये मी,
खाली वाजेद मिस्त्री आणि त्यांचं वेल्डिंग,
मधे अकरा पायऱ्यांचा लोखंडी जिना.

पेरणी यंत्राची चौकट मी आधी तुकड्यांत मोडते.
एक लाख बारा हजार तुकडे. प्रत्येकाला कोपरे,
प्रत्येक कोपऱ्याला नंबर. शेजारी किती ओढतोय
तेवढंच त्याला ठाऊक.
मग सॉफ्टवेअर विचारतं : धरलंय कुठं? ढकलतंय कोण?
पोलादाचं मला पाठ आहे.
ट्रॅक्टरची तीन टोकं हलू द्यायची नाहीत, हेही.
जमिनीचं विचारलं की अडते.
मेमध्ये तिच्या भेगेत हात कोपरापर्यंत जातो,
जुलैत तीच फणाला धरून बसते, सोडत नाही.
हिला एकच आकडा कसा देऊ?
देते. भीतीपोटी दीडपट करून देते.

उत्तर रंगांत येतं.
निळं निवांत, हिरवं ठीक,
डाव्या कोपऱ्यात तांबडं : एकशे बेचाळीस.
सोसायची ताकद अडीचशे.
पावणेदोन पट. मी सही केली.

भोकरदनहून चौकट परत आली, टेम्पोत, ताडपत्रीखाली.
मग आणखी एक. मग तिसरी, मंठ्याची.
तिन्ही तुटलेल्या
माझ्या पडद्यावर जिथं निळं होतं तिथं.

रात्री साडेनऊपर्यंत मी जाळी बारीक करत बसले.
आणखी बारीक.
निळं ते निळंच.

वाजेद मिस्त्री सहसा वर येत नाहीत, गुडघे.
त्या दिवशी आले, काळी काच कपाळावर ढकललेली.
पडद्याकडे बराच वेळ बघून म्हणाले,
"म्याडम, याच्यात आकडा कुठंय?"
म्हटलं, आकडेच आकडे आहेत, कोणता हवा?
"तसला नाय हो. लटकवायचा."

खाली गेलो. चिरेवरून त्यांनी बोट फिरवलं.
सहा मिलीची सळई, वाकवलेली,
गावातल्या कुणी घाईत डकवलेली,
टाक्याची कड उंदरानं कुरतडल्यागत.
"वजनानं नाय मोडलं. पाच लिटरच्या कॅननं काय मोडतंय?
टाक्यानं मोडलं. कागद फाडायच्या आधी
नखानं खूण करता का नाय? तसं.
मंग दिसभर हादरा. हादरा. हादरा."

ड्रॉइंगमध्ये नसलेली वस्तू
तीन गावांत, तीन चौकटींवर, एकाच जागी.
नळ्या तुंबल्यात का बघत
यंत्रामागून चालणाऱ्या बाईचा हात
न थांबता पोचेल, बरोबर तिथं.
एका आकड्याला अजून गोणपाटाचा धागा होता.

साहेब म्हणाले, माहितीपुस्तकात टाका :
चौकटीस काहीही वेल्ड करू नये, अन्यथा वॉरंटी रद्द.
टाइप केलं. वाजेदना वाचून दाखवलं.
"बराबर हाय," म्हणाले,
आणि माठाकडे गेले.

मी वाक्य ठेवलं. पण खाली नवी ओळ उघडली :
भाग क्रमांक सतरा, पाण्याचा आकडा,
पट्टी आणि दोन बोल्ट, वेल्ड नाही.
पुन्हा सगळे तुकडे, पुन्हा सगळे कोपरे.
भार? पाच किलो.
मग खोडून सात केलं,
भाकरीचं फडकंही तिथंच लटकणार.
दिशा?
खाली, मी लिहिलं.
आणि जरा मागे,
हात येतो त्या बाजूला.